धामणाचा दुसरा दांडा

बळीराममामा कुणाच्याही घरी गेले की आधी दार वाजवतात. आत बोलावलं जावं म्हणून नव्हे. दार उघडंच असतं. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, कान लावायचा आणि मग घरातल्यांकडं बघून म्हणायचं, "कडुनिंब हाय. बरं हाय. चहा ठेवा."

ते माझे सख्खे मामा नाहीत. सेनगावजवळच्या आमच्या गावात त्यांचं आणि आमचं अंगण एकच, म्हणून मामा. आज वय एकोणऐंशी. पाट असो, बाज असो, वाजवल्याशिवाय टेकत नाहीत. पुतण्यासाठी मुलगी बघायला पुसेगावला गेले, तेव्हा मुलगी पोहे घेऊन उभी आणि मामांचं डोकं पाहुण्यांच्या खुर्चीखाली. "मुलगी पसंत हाय का?" असं कुणी विचारलं, तर खालूनच उत्तर आलं, "पोरगी बराबर हाय. खुर्ची ओल्या लाकडाची हाय, कुणी बसू नका." लग्न झालं. खुर्ची पुढं नातवाच्या जावळाला मोडली, व्याह्यांसकट.

मामी म्हणतात, "लाकडासंगंच लगीन लावायचं होतं तर मला काहून आणलं?"

"तुला वाजवून पाह्यलं न्हाई," मामा शांतपणे म्हणतात, "तिथंच चुकलो."

पण मी कॉलेजात होतो तेव्हा मामा नुसतं लाकूड वाजवत नव्हते, घडवत होते. पाळणे, पाट, रवी, आणि एक धनुष्य. धामण नावाच्या चिवट झाडाचं एक सरळ खोड त्यांनी उभं चिरलं आणि दोन दांडे काढले. एकाचं धनुष्य केलं. दुसरा चुलीवरच्या आढ्याला, धुरात, टांगून ठेवला. "धामण वाकतं अन् माघारी येतं," ते सांगायचे, "माणसासारखं वाकलेलं ऱ्हात न्हाई." दसऱ्याला वेशीबाहेर मामा पहिला बाण सोडायचे. तो बांधापलीकडं पडला की मगच गाव आपट्याला हात लावायचं.

आता जे सांगतो आहे ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

एका दसऱ्याच्या आधी, भर दुपारी, मामा वावरात असताना मी ते धनुष्य खुंटीवरून काढलं. दोरी चढवली, कानापर्यंत ओढली आणि बाण न लावताच सोडली. रिकामी दोरी सोडली की सगळा झटका लाकडाच्या अंगात जातो, हे मामांनी मला बजावलेलं होतं. पण तो टणत्कार इतका गोड होता की मी पुन्हा सोडली. पाच वेळा. पाचव्याला आत काहीतरी बारीक वाजलं. मुठीच्या वर केसाएवढी चीर दिसत होती. मी तिच्यावर करडीचं तेल चोळलं आणि धनुष्य होतं तिथं लावून टाकलं.

दसऱ्याला सगळ्या गावासमोर मामांनी दोरी ओढली आणि धनुष्याचे दोन तुकडे झाले. कुणीतरी ओरडलं, "मामा, धनुष्य केलं का पापड?" सगळे हसले. मीही हसलो.

"माझा हात चुकला," एवढंच मामा म्हणाले. त्यानंतर त्यांनी लाकूड तासायचा वाकस हातात धरला नाही. मी हिंगोलीला नोकरीला लागलो, लग्न केलं, केस पिकले. पण मामांच्या घरात गेलो की माझी नजर आढ्याकडं जायची नाही.

यंदा त्यांच्या मुलानं पत्रे काढून स्लॅब टाकायचं ठरवलं. मामांचा फोन आला. "दिगू, दांडा खाली आलाय. मुलगा जळणात टाकून राहिला. सुट्टी काढ."

दांडा कोळशासारखा काळा होता. मामांनी वाजवला, बराच वेळ ऐकला. "पक्का वाळलाय. करू."

मामा वाकस चालवायचे आणि मी काचेच्या तुकड्यानं खरवडायचो. काजळीखालून मधासारखा पिवळा रंग निघाला. दिवसातून थोडंच वाकवायचं, मग सावलीत ठेवायचं. "घाई करू नको, त्याला इचारून वाकव," मामांचं चालूच. धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकतात का, ते भिंतीवर कोळशानं रेघ ओढून बघायचे. मामी जाता-येता टोमणा मारायच्या, "नवीन भिंत रंगवायचे पैसे कोण देणार, धनुष्य का?"

चौथ्या दिवशी अंबाडीची दोरी वळून झाली. फक्त पूर्ण ताण द्यायचा राहिला. मामांनी धनुष्य पायाशी धरलं, अर्धं वाकवलं आणि थांबले. हळूच सोडून त्यांनी ते खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ दे. असंच ठिव भिताडाला."

"काहून मामा? छान वाकतंय की."

"मागच्या बारीला बी असंच वाकलं होतं."

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. दुपार, दोरी, चीर, तेल. हसलो होतो, तेही सांगितलं.

मामा खाली वाकून धनुष्याची मूठ चाचपू लागले. मग म्हणाले, "किती बार सोडलास?"

"पाच."

"बिगर बाणाचं?"

"व्हय."

"पाच झटके खाल्ले त्यानं?" मामांनी मान वर केली. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "अन् तरी दसऱ्यापत्तुर उभं ऱ्हायलं?"

दारात उभ्या मामी मात्र माझ्याकडंच बघत होत्या. "आपल्या लेकीला, सुमीला, लेकरू झालं तवा पाळणा करा म्हणून मी किती इनवलं यांना," त्या म्हणाल्या. "म्हणाले, माझ्या हातचं मोडतं, लेकरू पडंल. आपल्याच नातीला लोखंडी पाळणा आणला बाजारातून. अन् दिसभर वावरात जाऊन बसले, जेवले बी न्हाईत."

मी इतकी वर्षं एका धनुष्याचा अपराध वाहत होतो. किती चुकीचा हिशेब होता तो.

मामांनी दोरी चढवली. बाण लावला. ओढलं. धामण दोन्हीकडं सारखं वाकलं आणि बाण अंगणापलीकडच्या सोयाबीनच्या ढिगात जाऊन रुतला. मामी ओरडल्या. मामांनी दोरी उतरवली, धनुष्य कापडानं पुसलं आणि माझ्याकडं न बघताच विचारलं,

"तुझी पोरगी केवढी झाली रे?"

"वीस. कॉलेजात आहे."

"तिच्या लेकराचा पाळणा मी करतो. सागाचा."

"मामा, तिचं अजून लग्नसुद्धा ठरलं नाही."

मामांनी वाकसाच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"बरंच हाय की," ते म्हणाले. "तवर लाकूड वाळंल."