बुधवारची गळती

रविवारी संध्याकाळी सोल्डरिंग आयर्नमध्ये काठोकाठ भरलेला गॅस बुधवारी संध्याकाळी संपलेला असे. मधल्या तीन दिवसांत धम्मदीपने तो आयर्न एकदाही पेटवलेला नसे.

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये एका प्रयोगशाळेत नोकरी करणारा धम्मदीप घरातल्या वस्तूंकडेही प्रयोगशाळेच्याच नजरेने पाहत असे. हा आयर्न विजेवर चालत नव्हता. जाड पेनासारख्या त्या दांड्यात लायटरचा ब्युटेन भरायचा, कळ दाबून तो पेटवायचा, की पुढचे टोक तापे आणि सोल्डरची तार त्यावर वितळे. तो घेण्याला कारण होते. चौदा एप्रिलला भीमजयंती होती. कार्यक्रम पार्कमधल्या एका शेडमध्ये होता, तिथे विजेचा प्लग नव्हता, आणि ॲम्प्लिफायर गाडीच्या बॅटरीवर चालवायचा होता. मागल्या वर्षी ऐन कार्यक्रमात माइकची वायर तुटली आणि अध्यक्ष रामभाऊंचे भाषण त्यांच्या हातवाऱ्यांवरून समजून घ्यावे लागले. माइकची जबाबदारी तेव्हा धम्मदीपची होती. रामभाऊंनी ती यंदाही त्यालाच दिली होती, आणि ही क्षमा नसून परीक्षा आहे हे त्याला कळत होते.

त्यात यंदा त्याची दहा वर्षांची मुलगी हर्षिता मराठीतून भाषण करणार होती. आयुष्यातले पहिलेच. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीने, म्हणजे धम्मदीपच्या सासूबाई नंदाताईंनी, ते तिच्याकडून दोन महिने घोटून घेतले होते. पोरीचा आवाज मात्र तिसऱ्या रांगेपलीकडे जात नसे.

"माइक चालेल ना, डॅड?" ती रोज विचारी. "बिकॉज आय ॲम नॉट शाउटिंग."

म्हणून गळतीचा छडा लावणे भाग होते. धम्मदीपने झडपेला साबणाचे पाणी लावून पाहिले. बुडबुडा आला नाही. मग टपालाची पत्रे तोलायच्या काट्यावर तो आयर्न रोज संध्याकाळी तोलू लागला आणि वहीत आकडे लिहू लागला. सोमवारी घट शून्य, मंगळवारी शून्य, बुधवारी नऊ ग्रॅम.

"यार, वार पाहून कोण गळतं?" खालच्या मजल्यावरचा विवेक म्हणाला. "सोम-मंगळ उपास करून बुधवारी सोडत असेल तुझा आयर्न."

"बुधवारी इथे काय होतं ते पाहायला हवं," धम्मदीप म्हणाला.

बुधवारी खाली गवत कापायचे यंत्र येत असे. त्याच्या हादऱ्याने झडप सैल होत असावी, असे अनुमान त्याने मांडले आणि आयर्न फोमच्या उशीवर ठेवला. त्या बुधवारीही नऊ ग्रॅम गेले.

दुसरी अडचण टोकाची होती. टोक काळेठिक्कर पडे, सोल्डर धरत नसे, आणि तापवले की त्याचा विचित्र वास येई. वास सोल्डरमधल्या राळेचा असावा, असे त्याने लिहून ठेवले. नवे टोक आणले. तेही आठवड्यात काळे पडले. त्याने कंपनीला टोकाच्या दर्जाविषयी सव्वा पानाचा फॅक्स पाठवला. कंपनीने एका ओळीत कळवले, की टोक स्वच्छ ठेवावे.

हे त्याला फार लागले. टोक कसे ठेवावे हे त्याने घरात सर्वांना बसवून शिकवले होते. ज्योत दिसावी म्हणून टोक काढून आयर्न पेटवून दाखवला होता. टोकावर शिसे असते, ते हाताळल्यावर हात धुवावेत, हेही सांगितले होते. आणि सासूबाईंना समजावे म्हणून एक दृष्टांत दिला होता: "वापरून झालं की ओल्या स्पंजवर पुसायचं आणि वर थर ठेवून द्यायचा. कोरडं ठेवलं की बिघडतं. आपण बिडाच्या तव्याला तेलाचा हात देऊन ठेवतो ना, तसं."

"समजलं जी," नंदाताई म्हणाल्या होत्या.

या सगळ्या विवंचनेत एक समाधान होते. बुधवारी रात्रीच्या जेवणाला वांग्याचे भरीत असे. फेब्रुवारीत नंदाताईंनी ओव्हनमध्ये वांगे भाजून पहिल्यांदा भरीत केले, तेव्हा त्या हळहळल्या होत्या, "या शेगडीले जाळच नाही, बाप्पा. जाळाविना भरीत कसं होईन?"

"उष्णता ती उष्णता, आई," धम्मदीपने त्यांना सांगितले होते. "ती जाळाची की तारेची, हे वांग्याला कळत नाही. हा निव्वळ समज आहे."

आणि मार्चपासून भरीत खरोखरच खमंग होऊ लागले होते. "पाहा," तो बोटे चाटत म्हणे, "ओव्हनचंच आहे की नाही?" नंदाताई त्याच्या पानात आणखी एक चमचा वाढत. त्याची बायको भावना मुकाट्याने पाणी पीत असे.

चौदा एप्रिल रविवारी आला. शेडमध्ये ऐंशी माणसे जमली. वंदना झाली, आणि हर्षिताचे नाव पुकारण्याआधी रामभाऊंनी माइक स्टँडवरून काढून खाली घेतला. वायर प्लगपाशी तुटली.

"जय भीम, धम्मदीप," रामभाऊ अत्यंत शांतपणे म्हणाले. "यंदा वेळेवर तुटली."

"दहा मिनिटं द्या, काका."

गॅस त्याने सकाळीच भरला होता. आयर्न पेटला, टोक तापले, पण सोल्डरच्या गोळ्या होऊन अळवाच्या पानावरच्या पाण्यासारख्या घरंगळू लागल्या. हर्षिता हातातला कागद घडी घालून उलगडत, पुन्हा घडी घालत उभी होती. त्याने टोक ओल्या स्पंजवर पुसले, सोल्डर लावले, पुन्हा पुसले, पुन्हा लावले. वायर धरून शेजारी बसलेल्या नंदाताई म्हणाल्या, "होईन, जवाईबापू. घाई नका करू."

विसाव्या खेपेला काळ्यातून तिळाएवढा चंदेरी ठिपका उमटला. तेवढा पुरेसा होता. जोड बसला. धम्मदीपने माइक मांडीवर ठेवून प्लग ॲम्प्लिफायरमध्ये खुपसला, आणि चाचणीसाठी तोंड उघडणार तोच स्पंजचा वास नाकात शिरला. त्याने स्पंज नाकाशी नेला.

"आई, हे शेंगदाण्याचं तेल आहे."

"हो. मीच लावते ना दर बुधवारी."

"कशाला?"

"तुम्हीच तर म्हटलं. तव्यावानी. कोरडं ठेवू नये."

"पण दर बुधवारी?"

नंदाताईंनी पदर सावरला. "टोक काढल्याबिगर वांगं कसं भाजीन? शिसं असते म्हणाले होते तुम्ही. म्हणून टोक आधी काढून ठेवते, बाल्कनीत जाऊन वांगं भाजते, आन् मग टोकाले तेल लावून परत बसवते. गॅस मात्र संपते जी एका वांग्यात."

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुम्ही एवढ्या आनंदानं ओव्हनचं म्हणून खाऊन राहिले होते. कसं मोडू मन?"

शेडमध्ये काहीतरी विलक्षण शांत झाले आहे, हे धम्मदीपच्या उशिरा लक्षात आले. ऐंशी माणसे दोन्ही स्पीकरांकडे पाहत होती. आवाज तपासायला शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलेल्या रामभाऊंनी हात वर केला.

"आवाज अगदी स्पष्ट येतोय," ते म्हणाले. "पोरीला बोलवा."

हर्षिता बोलली. "स्वातंत्र्य" या शब्दापाशी एकदा अडखळली, सावरली, आणि तिला ओरडावे न लागता शेवटच्या रांगेपर्यंतच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदाताईंचे ओठ तिच्याबरोबर शेवटपर्यंत हलत होते.

परतताना गाडीत धम्मदीपने तांत्रिक बाजू स्पष्ट केली. टोकावर हवा तो थर सोल्डरचा. त्यात कथिल असते. तेल जळून काजळी होते आणि सोल्डरला चिकटू देत नाही.

"कथिलाचा थर?" नंदाताई मागून म्हणाल्या. "म्हणजे कल्हई. मग कल्हईच म्हणायचं होतं ना. तवा काहून म्हटलं?"



घरी आल्यावर त्याने वही काढली. हादऱ्याचे अनुमान खोडले, कंपनीला माफीचा फॅक्स पाठवायची नोंद केली, आणि खाली लिहिले: "गॅस संपण्याचे कारण, वांगे. टोक काळे पडण्याचे कारण, मी दिलेला दृष्टांत. जाळावरचे भरीत वेगळे लागते."