झुळझुळ वाऱ्याची झोळी

अंजनाने ठरवूनच टाकलं होतं, आजचा पाठ असा घ्यायचा की बालाघाटातल्या झाडून साऱ्या मास्तरांनी बघत राहावं! तपासणीच्या साहेबांना पाठ पसंत पडला की मराठी शाळेतली नोकरी कायम. आणि तयारी? ती तर हाडीमासी भिनलेली. घरी लुगड्याच्या झोळीत तान्हा खेमू, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात पुस्तक, अशीच तिने कविता घोकली होती:

झुळझुळ वारा बांबूरानी,
झुळझुळ बोले पानोपानी.

आठ मात्रांना झोळी जाई, आठ मात्रांना परत येई. दुसऱ्या ओळीला खेमू झोपून गार!

अंगावर पिणारं लेकरू घरी कसं ठेवणार? म्हणून पाठाच्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे गोदाबाईंनी, वर्गाच्या खिडकीबाहेरच आंब्याला झोळी बांधली. साहेब बैहरहून जीपमध्ये हाडं खिळखिळी करून आले, पोटभर भात जेवले आणि मागच्या खुर्चीत टेकले.

अंजना रंगात आली. फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा केल्या, 'रानी-पानी'चं यमक दाखवलं, मुलींना मात्रांवर टाळ्या धरायला लावल्या. 'झुळझुळ' पुन्हा पुन्हा काहून येते, ते कानांना कळावं म्हणून कविता परत म्हटली. मग आणखी एकदा. टाळ्या मंदावल्या. पहिल्या बाकावरची मुलगी पेंगली. आणि मागे पाहते तर साहेब! मान छातीवर, तोंड उघडं, अन् घोरणंसुद्धा वृत्तात!

थांबावं, तर बाहेर खेमू चुळबुळतो. म्हणावं, तर साहेब आणखी खोल जातात. नोकरी डोळ्यांदेखत घोरत होती.

"थांबू नको वं," गोदाबाई खिडकीतून कुजबुजल्या, "पोरगा उठन."

अंजनाने काळजावर दगड ठेवला आणि ती थांबली. खेमूने असा टाहो फोडला की साहेब खुर्चीसकट उडाले. त्यांनी डोळे चोळायच्या आत ही एका दमात सुटली: ओळीत आठ-आठ मात्रा, शेवटी यमक, 'झुळझुळ'च्या पुनरुक्तीने वाऱ्याचा भास...

साहेबांनी हात वर केला. खिडकीशी जाऊन ते झोळीकडे बघत राहिले. त्यांच्या घरची तान्ही नात म्हणे कोणाच्याच डोळ्याला डोळा लागू देत नव्हती.

"पास तर तुम्ही झाल्याच, बाई," ते हळूच म्हणाले. "आता मले एवढं सांगा, दोरी कोणत्या अक्षरावर ओढाची?"