छपरावरून न पडलेल्या आप्पासाहेबांची हकीकत

श्रीमंत कन्यासाहेब, सकलअर्जधुरंधर, दवाखान्यातील नोंदणीच्या खिडकीच्या स्वामिनी, यांचे सेवेसी आज्ञाधारक पतीची विज्ञापना ऐसीजे. आपली आज्ञा जाहली कीं, तीर्थरूप आप्पासाहेबांचे लष्करी दफ्तर दुरुस्त करण्याची मोहीम कैसी जाहली, कोण लढले, कोण पळाले, ते साद्यंत लिहून ठेवणे, नपेक्षां पुढील पिढीस वाटेल कीं पदके दुकानात मिळतात. त्यावरून जे पाहिले ते लिहिले आहे, आणि जे पाहिले नाही तेही लिहिले आहे, कारण बखरकारास सर्व दिसते. सासूबाईंविषयी जेथे थोडके लिहिले आहे तेथे भयास्तव थोडके आहे, हे वाचणाराने समजोन घ्यावे.

आप्पासाहेब तरुणपणी फौजेत तारवाले होते. तोफगोळ्याने टेलिफोनची तार तुटली म्हणजे रांगत जाऊन तुटके टोक हुडकावे, जोडावे आणि जिवंत परत यावे, हा त्यांचा पेशा. जोडीस लंबू नामे शिपाई, उंची इतकी कीं रांगताना देखील दुरून दिसे. लढाईच्या वर्षी आप्पासाहेबांनी दहा दिवसांची सुट्टी मागितली आणि अर्जात कारण स्वहस्ते लिहिले, 'घराच्या छपराची दुरुस्ती'. सुट्टी मंजूर जाहली. तीन तारखेस सकाळी सुट्टीकरांचा ट्रक निघाला, आणि पलटणीच्या कारकुनाने वहीत 'सुट्टीवर रवाना' ऐसे लिहून वही मिटली, आणि ट्रक दोन कोस जातो न जातो तोंच गनीमाच्या तोफा सुरू जाहल्या, मग आप्पासाहेब ट्रकातून उडी टाकोन उलटे धावत ठाण्यावर आले, आणि नऊ दिवस तारा जोडीत राहिले, आणि बारा तारखेस लंबू पडला, आणि आप्पासाहेबांच्या पोटरीत लोखंडाचा तुकडा शिरला. परंतु वही मिटली ती मिटलीच.

पुढे इस्पितळाच्या कारकुनाने वही पाहिली, तो असामी सुट्टीवर. अर्ज पाहिला, तो कारण छप्पर. पोटरी पाहिली, तो जखमी. मग तिन्हींचा मेळ घालोन मोठ्या अकलेने लिहिले कीं, 'सुट्टीवर असतां छपरावरून पडून जखमी'. पलटणीतील सर्वांस लढाईचे पदक मिळाले, जखमींस जखमेचे वेगळे मिळाले, आणि आप्पासाहेबांस कांहीच आले नाही. त्यांनी समजूत करोन घेतली कीं टपालात गहाळ जाहले असेल. भिडस्त माणूस, पंचेचाळीस वर्षे विचारिले नाही.

मग गेल्या साली लंबूची धाकटी बहीण, गणिताच्या निवृत्त बाई, शोध करीत आप्पासाहेबांच्या पत्त्यापर्यंत पोहोचली आणि भावाच्या शेवटच्या दिवसाचे वर्तमान पुसिले. आप्पासाहेबांनी चार पाने लिहून धाडिली. बाई गणिताच्या, ताळा केल्याविना उत्तर खरे मानावयाच्या नाहीत. त्यांनी लष्करी दफ्तरखान्यास विचारिले, आणि दफ्तरखान्याने जे होते ते कळविले. मग बाईंचे दोन ओळींचे पत्र आले: 'तुम्ही त्या दिवशी सुट्टीवर होता आणि छपरावरून पडला होता, असं ऑफिसने कळवलं आहे. माझ्या भावाच्या नावाने गोष्टी रचू नका.'

ते वाचोन आप्पासाहेब दोन दिवस जेवले नाहीत. तिसरे दिवशी कन्यासाहेबांस एवढेच बोलले, "पदकबिदक गेलं खड्ड्यात. पण त्याच्या बहिणीला मी खोटारडा वाटतो गं." येथे बखरकारास थट्टा सुचली नाही.

कन्यासाहेबांनी तात्काळ मोहिमेचे निशाण उभारिले. सरंजाम येणेंप्रमाणे: फाईल एक, झेरॉक्सा चाळीस, पाण्याची बाटली, आणि स्कूटर हाकण्यास आम्ही. दफ्तरखाना म्हणजे काय वर्णावा! चार मजले, लिफ्ट बंद, आणि चवथ्या खिडकीत चष्मेवाले कारकून ठाण मांडून बसलेले, ज्यांनी आजवर कोणाचा अर्ज पहिल्या फेरीत घेतला ऐसा दाखला नाही. कन्यासाहेबही खिडकीमागे वीस वर्षे बसलेल्या, म्हणोन हा सामना बरोबरीचा जाहला. खिडकीवाल्यास खिडकीवाली भेटली, आणि रांगेतले लोक आपापली कामे विसरोन पाहात राहिले.

"मॅडम, सुट्टी रद्द केल्याचा अर्ज जोडा."

"अहो, तोफा सुरू झाल्यावर अर्ज कोण लिहितं?"

"सुट्टी सुरू व्हायच्या आधी लिहायचा असतो."

"आधी? तोफा डागणाऱ्यांनी आधी कळवलं नव्हतं हो!"

"मग तसं लेखी द्या."

पहिल्या फेरीत माघार जाहली. दुसऱ्या फेरीत ऐसे ठरले कीं पलटणीचा एखादा साक्षीदार हजर करावा. पाहतां बहुतेक सर्व कैलासवासी, आणि जे उरले त्यांपैकी एकास आप्पासाहेब आठवले, परंतु स्वयंपाकी म्हणोन आठवले. तिसऱ्या फेरीत चष्मेवाल्यांनी चष्मा काढिला, जे पूर्वी कधी घडले नव्हते, आणि हळू आवाजात मसलत दिली कीं, "हे बघा, त्या तारखेचा एखादा कागद आणा. तुमचे वडील तिथे होते असं दाखवणारा. चिठ्ठी, चिठोरं, काहीही. कमिटीपुढे मी स्वतः ठेवतो." तेव्हां शत्रूच्या गोटात आपला माणूस निघाला, हे जाणोन कन्यासाहेब हर्षित जाहल्या आणि घरी येऊन आप्पासाहेबांस पुसिले कीं, ऐसा कागद आहे काय.

आप्पासाहेब पोटरी चोळूं लागले. पुन्हा पुसिले, तो खिडकीबाहेर पाहूं लागले. तिसऱ्यांदा पुसिले, तेव्हां स्वयंपाकघराकडे नजर टाकोन कुजबुजले, "आहे. पण तुझ्या आईचं पत्र आहे ते."

आता या पत्राची गोम ऐसी. आप्पासाहेब सुट्टीवर येणार म्हणोन सासूबाई चार दिवस वाट पाहात राहिल्या, आणि पाचव्या दिवशी शिडी लावोन स्वतः छपरावर चढल्या, आणि पत्रे ठोकले, आणि खाली उतरोन त्याच तिरिमिरीत नवऱ्यास पत्र लिहिले. ते दारूगोळ्याच्या ट्रकातून अकरा तारखेस ठाण्यावर पोहोचले. त्यातील भाषा ऐसी कीं आप्पासाहेबांनी घरी परतल्यावर, पोटरीस पट्टी बांधलेली असतां, साफ सांगितले कीं पत्र पोहोचलेच नाही, वाटेत हरवले. त्यावर पंचेचाळीस वर्षे संसार सुखाने चालला. आणि ठाण्यावर कागदाची टंचाई असल्याकारणें ठाणेदार साहेब हाती लागेल त्या कागदावर हुकूम लिहीत, तैसा बारा तारखेचा हुकूम नेमका या पत्राच्या पाठीवर लिहिला होता: 'पुढच्या चौकीची तार तुटली आहे. दोघांनी जाऊन जोडावी.' खाली दोघांची नावे, वेळ, सही. सबब पदक पाहिजे तर पत्र काढणे प्राप्त, आणि पत्र काढिले तर पंचेचाळीस वर्षांची थाप उघडी पडणे प्राप्त. इकडे आड तिकडे विहीर. रांगत तोफगोळ्यांत जाणारा हा पुरुष स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाऊण घटका उभा राहिला.

शेवटी गेले आणि बोलले. सासूबाई कणीक मळीत होत्या. त्यांनी हात थांबविला.

"म्हणजे पोचलं होतं?"

"पोचलं होतं."

"वाचलंत?"

"पाठ आहे."

मग सासूबाईंनी ती कणीक इतकी मळली कीं पोळ्या कोणाच्याने तुटेनात. तीन दिवस घरात बोलणे बंद, निरोप आमच्या मार्फत. 'यांना सांगा चहा झाला.' 'तिला सांग घेतला.' वकिली करोन करोन आमचा घसा बसला. चवथे दिवशी फर्मान निघाले: पत्र कमिटीस द्यावे, परंतु आमच्या समक्ष वाचावे, आणि आमचे लिहिणे आम्ही असतां कोणी गाळून वाचूं नये.

कमिटीत तिघे. मधोमध अध्यक्षीणबाई, उजवीकडे एक निवृत्त कर्नल, डावीकडे एक गृहस्थ, ज्यांचे काम अखेरपर्यंत कळले नाही. चष्मेवाल्यांनी स्वतः कागद पुढे ठेविला. कर्नलसाहेबांनी वाचावयास घेतले. 'तुमच्या सुट्टीला आग लागो' येथपर्यंत आवाज खणखणीत होता. पुढे सासूबाईंच्या सासूचा उल्लेख आला तेथे कर्नलसाहेब खोकले आणि दोन ओळी टाकोन पुढे गेले.

"दोन ओळी राहिल्या," सासूबाई बोलल्या.

कर्नलसाहेबांनी मागे येऊन त्या वाचल्या. ते लढाईत नसतील इतके लाल जाहले. मग पुढील मजकूर आला कीं, 'छप्पर मीच चढून नीट केलं आहे, सोळा पत्रे, एकही खिळा वाकडा नाही, तुमची आई शिडी धरून रडत होती, आता तुम्ही आलात तरी चढायला काही उरलेलं नाही.'

अध्यक्षीणबाईंनी लेखणी खाली ठेवून विचारिले, "आजी, हे तुम्हीच लिहिलंत?"

"अक्षर माझं आहे. आणि त्यातलं एकही मी मागे घेणार नाही."

"म्हणजे हे छपरावर चढलेच नाहीत?"

"हे? यांना शिडीची भीती वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायलासुद्धा जावई लागतो."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. शौर्याचे पदक मिळविण्यासाठी भित्रेपणाची साक्ष कामास आली, ऐसे इतिहासात क्वचित घडले असेल. मग कागद उलटा केला, आणि ठाणेदाराचा हुकूम, तारीख, वेळ आणि सही पाहोन कर्नलसाहेब उभे राहिले. आप्पासाहेबांपुढे येऊन सलाम केला. ज्या गृहस्थांचे काम कळले नव्हते तेही उभे राहिले.

महिनाभरात हुकूमनामा आला. सुट्टीची नोंद रद्द. छपरावरून पडल्याची नोंद रद्द. लढाईचे पदक बहाल, जखमेचे पदक बहाल. पदके टपालाने आली, डबी आम्ही फोडिली, आणि आप्पासाहेबांनी एकवार पाहोन ती बाजूस सारली आणि हुकूमनाम्याची एक प्रत लंबूच्या बहिणीस रजिस्टर टपालाने धाडिली. सोबत शब्दही लिहिला नाही. मग आठ दिवस फोन वाजला कीं ते उठून उभे राहात, आणि आठही दिवस तो कोणी कर्ज देऊं इच्छिणारा निघे.

नवव्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. आप्पासाहेबांस कमी ऐकूं येते म्हणोन फोन मोठ्या आवाजात ठेवितात, सबब सर्वांनी ऐकिले. बाई बोलल्या, "तुमचं ते चार पानी पत्र मी रागाने फाडून टाकलं. शेवटी दादा काय म्हणाला, ते पुन्हा सांगाल का?"

आप्पासाहेब सासूबाईंकडे पाहूं लागले. मग सांगितले, "तार जोडायला निघण्याआधी मी त्याला हिचं पत्र वाचून दाखवलं. सगळं. तो पोट धरून हसला. आणि रांगता रांगता म्हणाला, वहिनींना इकडे बोलावून घे, लढाई संध्याकाळपर्यंत आटपेल. हसतच होता. मग गोळा पडला."

मग बाई बोलल्या, "दादाच तो. असंच बोलायचा." आणि हसल्या, आणि हसतां हसतां रडूं लागल्या. सासूबाईंनी पदर डोळ्यांस लाविला, आणि फोन आप्पासाहेबांच्या हातून ओढून घेतला, आणि म्हणाल्या, "बाई, मी त्याची वहिनी बोलतेय. घरी या. छप्पर अजून तेच आहे."

याप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फेऱ्या चार, झेरॉक्सा त्रेसष्ट, माणूस आपल्याकडील एकही खर्ची पडला नाही, शत्रूकडील चष्मेवाले आपणांस येऊन मिळाले. पदके दोन, ती कपाटात आहेत. बाई रविवारी येऊन गेल्या आणि जेवून गेल्या. जे घडले ते लिहिले, आणि दफ्तरात जे पंचेचाळीस वर्षे चुकीचे होते ते आता ऐसे वाचावे: बारा तारखेस तार जोडावयास दोघे गेले होते.