अर्ध्या कामाची चिंधी

आण्णाप्पा मिस्त्रीवर लिही, असं मला अनेकांनी सांगितलं. मी दरवेळी काहीतरी कारण काढून टाळत आलो. माणूस लिहिण्यासारखा होता यात शंका नाही. पण त्याच्यावर लिहायचं म्हणजे चिंधीबद्दल लिहायला लागणार, आणि चिंधीबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही.

आण्णाप्पा माझा शेजारी. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामाला तो चिंधी बांधायचा. कारखान्यात मिलिंग मशीनवर त्याची हयात गेली. तिथं एखादा नट आवळायचा राहिला, की तो तेलपुसणीची चिंधी बांधून ठेवायचा, म्हणजे दुसरा कुणी फसायला नको. निवृत्त झाल्यावर ही सवय घरात शिरली. रंग अर्धा राहिलेल्या फाटकाला चिंधी. निम्मा पिऊन ठेवलेल्या चहाच्या कपाच्या कानाला चिंधी. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटून पाहुणे उठले, तेव्हा ह्यानं बाहेर जाऊन त्यांच्या गाडीच्या आरशाला चिंधी बांधली.

"हे काय हो?" पाहुण्यांनी विचारलं.

"काम अर्धं हाय पावणं. असं उठून जाताय व्हय?"

पाहुणे हसले, परत बसले. लग्न जमलं.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "अर्ध्या कामाला तोंड नसतंय. त्याच्या वतीनं चिंधी बोलती."

त्याच्या मुलानं, सतीशनं, इलेक्ट्रिक डर्ट बाईक घेतली. खडकाळ माळावर, खाणीत उड्या मारत फिरवायची गाडी. आण्णाप्पा तिच्याभोवती दोनदा फिरला. "आवाज न्हाय, धूर न्हाय. गाडी हाय का मांजर?" मग खाली वाकून त्यानं पुढची बाजू बघितली. हँडलखाली पुढचे दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या वर-खाली दोन पट्ट्या असतात, त्यांना गॅरेजवाले 'टी' म्हणतात. त्या त्याला पसंत पडल्या नाहीत.

"ही टी हाय का हुपरीचं चांदीचं पैंजण? खड्ड्यात गेला की चाक गारगोटीला आन् हँडल शाहूपुरीला!"

"आबा, कंपनीनं विचार करूनच केलं असेल की," सतीश म्हणाला.

"कंपनीचा पोरगा बसनार हाय का हिच्यावर? माझा बसनार हाय."

नवरात्राच्या तोंडावर त्यानं ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा आणला आणि घरामागं परड्यातल्या शेडमध्ये जुन्या मशीनवर दोन्ही टी नव्यानं केल्या. मी संध्याकाळी तिथं स्टुलावर बसायचो. एवढं सुबक काम मी दुसरं पाहिलं नाही. अष्टमीला त्यानं टी बसवल्या, शॉकअप आत सरकवले, बोल्ट हातानं फिरवून टेकवले आणि पाना खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं पूजेला बसणार, मग दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत आण्णाप्पा कशाला हात लावायचा नाही. खंडेनवमीला तो नखंसुद्धा काढायचा नाही. "नेलकटर पन हत्यारच की," म्हणायचा.

"मग बोल्ट?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या सांच्याला आवळतो. तवर चिंधी हाय की." त्यानं हँडलला चिंधी बांधली. माझ्यासमोर बांधली. गाठ मारून वर एक चापट मारली.

खंडेनवमीला पाना, पकडी, मशीन, सगळ्याला हळदकुंकू लागलं. गाडीला झेंडूचा हार मी घातला. मुलीला मोबाईलवर फोटो पाठवायचा होता, आणि हाराशेजारी ती काळीकुट्ट चिंधी घाण दिसत होती. मी ती सोडून खिशात घातली. फोटो काढला. परत बांधणारच होतो, तेवढ्यात आतून कडाकण्या खायला हाक आली.

दसऱ्याच्या सकाळी आण्णाप्पा देवळात गेला होता. सतीशनं गाडी बघितली. नव्या टी बसलेल्या, चिंधी कुठं नाही. म्हणजे काम पुरं. गाडी घेऊन तो खाणीकडं गेला.

पहिल्याच उतारावर हँडल वळलं, चाक वळलं नाही. सतीशच्या मांडीचं हाड मोडलं. आजही तो पाय ओढत चालतो.

दवाखान्यात तो कळवळून म्हणाला, "आबा, चिंधी तरी बांधायची!"

आण्णाप्पा भिंतीला टेकून उभा होता. "मी बांधलती रं," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "वसंता, तू हुतास न्हवं? बांधलती का मी?"

चिंधी तेव्हाही माझ्या अंगातल्या कालच्याच सदऱ्याच्या खिशात होती. सगळे माझ्याकडं बघत होते.

"लक्षात नाही," मी म्हणालो.

विसरलो होतो मी. विसराळू ठरला तो.

सतीशनं शेडला कुलूप लावलं. पुढं मशीनही विकलं. कुणी वाईट बोललं नाही, उलट सगळे आण्णाप्पाशी लहान मुलाशी बोलावं तसे हळू बोलू लागले. त्यानं चिंध्या बांधायचं सोडलं. ज्या डोक्याला काम पुरं झालंय का अर्धं हेच कळत नाही, त्यानं चिंधी तरी कशाच्या भरवशावर बांधायची?

त्याऐवजी तो रोज संध्याकाळी माझ्या दारात यायला लागला.

"वसंता, जरा चल. मी फाटकाची कडी लावली का बघ."

मी जायचो, बघायचो. कडी लावलेली असायची. दरवेळी.

एकदा मी चिडून म्हणालो, "लगा, घरात विचार की! माझ्याकडं कशाला येतोस?"

"घरात इचारलं की ती एकमेकांच्या तोंडाकडं बगत्यात," आण्णाप्पा म्हणाला. "तू कडीकडं बगतोस."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. उद्या सांगायचंच, असं ठरवलं. असे उद्या पुष्कळ गेले.

यंदा थंडीत तो आला तेव्हा त्याच्या फाटकाशी जाऊन मी त्याचा हात धरला. "आण्णाप्पा, मला तुझ्याशी त्या दसऱ्याचं बोलायचं आहे."

"नगं. माझ्या हातनं झालंय ते. रोज पोराचा पाय दिसतोय मला. आदी कडीचं सांग. लावलीया न्हवं?"

"लावली आहेस."

"मग झालं. तू म्हनलास म्हंजे खरं." माझा हात थोपटून तो घराकडं वळला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो झोपेतच गेला. सतीश लंगडत मला सांगायला आला, तेव्हा त्यालाही मी चिंधीचं सांगितलं नाही.

तू विसरला नव्हतास, आण्णाप्पा. मला माफ कर.