गाडीखालचं पाणी

बोईसरला आमच्या कंपनीत तीन किलोमीटर पाइपलाइन आहे आणि वीस वर्षांत एकही गळती माझ्या नजरेतून सुटलेली नाही. 'एकनाथ साहेब नुसत्या वासावरून लीक सांगतात,' असं पोरं म्हणतात. (मीच म्हणायला लावलंय, पण म्हणतात!) त्यामुळे परवा सकाळी आमच्या सोळा वर्षांच्या गाडीखाली पाण्याचं डबकं दिसलं तेव्हा मला चक्क आनंद झाला.

"कूलंट गळतंय!" मी जाहीर केलं. गाडी चालू केली तर गिअरही पडेना. आतून नुसती खरखर! "गिअरबॉक्सही गेला!"

"पप्पा, अकराला कोळगावला माझ्या नोकरीच्या कागदपत्रांची तपासणी आहे," लेक भाविका म्हणाली. "उशीर झाला तर वेटिंगवाल्याला घेतील. रिक्षा बघू का?"

"मी घरात असताना रिक्षा? अर्धा तास दे!"

"अहो, राहू द्या ना," बायको जागृती दारातून म्हणाली. "पाणीच आहे, वाळेल." तिचा चेहरा पडला होता. मला वाटलं, गाडीची काळजी!

कंपनीच्या शिस्तीप्रमाणे आधी स्टिअरिंगला 'काम चालू आहे, हात लावू नये' अशी पाटी टांगली. मग रेडिएटरचा पाइप काढला. हिरवंगार कूलंट भसकन अंगावर आलं!

"बघा, केवढी गळती!" मी ओरडलो.

मग गाडीखाली शिरून गिअरच्या दांड्या सोडवल्या. दहा वाजता माझ्यासमोर अकरा नट, दोन क्लिपा आणि एक स्प्रिंग होती. स्प्रिंग कुठली, ते मला आजही माहीत नाही.

तेवढ्यात मासळीच्या टेम्पोतून सासूबाई उतरल्या. उभा जन्म बंदरावर गेलेला. डबक्याशी थांबल्या.

"जावई, रेडिएटर फुडं नाय काय? मंग पानी मागच्या चाकाखाली कसा?"

"आई, अंगणाला उतार आहे. कूलंट मागे वाहत येतं," मी शास्त्रीय उत्तर दिलं.

त्यांनी डबक्यात बोट बुडवून नाकाशी नेलं. "ह्या तं बरफाचा पानी हाय. कालच्या बोंबलांचा."

माझ्या डिकीत बोंबील! ह्या गाडीत मासळी चढणार नाही, असा कायदा मीच केला होता. (ताटात चढते, तो विषय वेगळा.)

"तुम्ही ड्यूटीवर असता तेव्हा, टेम्पो मिळाला नाही की आईच्या टोपल्या बाजारात सोडते," जागृती पुटपुटली. "वास लागू नये म्हणून सगळीकडे गोणपाट अंथरते. काल काढायचं राहिलं." तिने पुढचं दार उघडलं आणि क्लचखाली गोळा होऊन अडकलेलं गोणपाट ओढून काढलं. क्लच पुरता दबतच नव्हता, गिअर पडणार कुठून!

भांडायला वेळ नव्हता. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. भाविका फाइल छातीशी धरून उभी होती, डोळे भरलेले. पोरीची नोकरी मी स्वतःच्या हाताने खोलून अंगणात मांडून ठेवली होती!

"चल गो, टेंपोत बस," सासूबाई म्हणाल्या.

दुपारी दोनला टेम्पो परतला. भाविका हसतच उतरली. "झालं काम! पावणेअकराला पोहोचलो. आणि रांगेतले लोक आपोआप बाजूला झाले, पप्पा!"

माझा जीव भांड्यात पडला. पण मला सेकंड शिफ्ट होती आणि गाडी अजून अंगणभर पसरलेली. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी सासूबाई, म्हणून मी मागे बर्फाच्या पेटीवर बसलो.

कंपनीच्या गेटवर उतरलो. सिक्युरिटीवाल्याने माझ्या ठिबकणाऱ्या पँटकडे पाहिलं, सलाम ठोकला आणि अगदी अदबीने विचारलं, "एकनाथ साहब, आज लीक कहाँ है?"