घसरली तर चालतं, उठली तर नाही

बास्केटबॉलमधलं ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल धरून जास्त पावलं टाकायची चूक, माझ्याइतकं कुणाला कळत नाही! शाळा सोडली, पण नियमांचं पुस्तक नाही सोडलं. लोक नुसती पावलं मोजत बसतात. मी आधी हात बघतो. बॉल ताब्यात आला की मग पावलं मोजायची. त्याआधी खेळणारी दहा पावलं धावली तरी माफ!

त्या दिवशी रेफरी सरांचा पाय मुरगळला. मी त्याच हॉलमध्ये फरशी पुसायच्या कामावर. सरांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. "एकही निर्णय चुकवू नकोस. मग शिट्टी कायमची तुझी. नाहीतर मॉप आहेच."

"डोळे मिटून करतो, सर!"

"डोळे उघडे ठेव, गाढवा."

मॅच नर्सच्या टीमची आणि चपलांच्या कारखान्याची. कारखान्याकडून माझी ताई. सुरुवातीलाच ताईच्या हातात बॉल ओल्या साबणासारखा नाचला. चार पावलं धावली, तेव्हा कुठे धरता आला.

"ट्रॅव्हलिंग!" नर्सच्या कॅप्टनबाई किंचाळल्या.

"ताबाच नव्हता, तर ट्रॅव्हलिंग कसलं?"

"बहीण आहे म्हणून सोडतोस!"

माझं डोकंच फिरलं. "बाई, इंजेक्शन तुम्ही द्या, निर्णय मी देतो!"

सरांनी कपाळाला हात लावला.

मग एका नर्सने बॉल झेलला आणि सट्टकन पडली. बॉल पोटाशी धरून पार रेषेपर्यंत घसरत गेली! आता ताई ओरडली, "ट्रॅव्हलिंग!"

"घसरली तर चालतं! बॉल धरून उठली तर ट्रॅव्हलिंग!"

"तू घरी ये, मग दाखवते काय चालतं ते!"

त्यानंतर जी ती घसरायला लागली. बायका कॅरमच्या सोंगट्यांसारख्या इकडून तिकडे! मी मात्र ठाम. घसरली? चालू द्या. उठली? शिट्टी!

शेवटचे काही सेकंद. कारखाना एका पॉइंटने मागे. ताईने बॉल झेलला, पाय सटकले, बसल्या बसल्या थेट बास्केटखाली पोचली आणि तिथूनच फेकला. आत!

"बास्केट मान्य!" मी जाहीर केलं.

कॅप्टनबाई धावून आल्या. सर लंगडत आले, पुस्तक उघडलं, चष्मा पुसून दोनदा वाचलं. "पोराचा निर्णय बरोबर आहे. आजचे सगळेच बरोबर."

माझी छाती फुटबॉलएवढी झाली!

तेवढ्यात कॅप्टनबाईंनी फरशीवर बोट फिरवलं आणि हुंगलं. "साबण! हॉल कुणी पुसलाय?"

चोवीस डोळे माझ्याकडे. आता काय सांगू? सकाळी पुस्तकात घसरण्याचा नियम वाचत होतो. त्या नादात साध्या पाण्याचा हात मारायचा राहिला.

शिट्टी सरांच्या गळ्यात परत गेली. मॉप माझ्याकडे. रागारागात दोन पावलं टाकली आणि धाडकन आपटलो! पण मॉप सोडला नाही, दोन्ही हातांत घट्ट. तसाच उठायला गेलो.

सरांनी शिट्टी फुंकली. ताई आणि कॅप्टनबाई दिवसभरात पहिल्यांदाच एका सुरात ओरडल्या, "ट्रॅव्हलिंग!"

निर्णय बरोबर होता.