पावातले दोन ग्रॅम

वजनमापे खात्याच्या निरीक्षकांनी शुक्रवारी सकाळी पेटी उघडली, दोन ग्रॅमचं वजन जागेवर नाही हे पाहिलं आणि पेटी परत बंद केली. जरा दम खाऊन पुन्हा उघडली. मखमलीतली खाच तशीच रिकामी होती.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक मारली. बायको ओले हात पुसत धावत आली, कारण इतक्या बारीक आवाजात निरीक्षक फक्त सुई टोचून घेताना बोलायचे.

"पेटीत दोन ग्रॅम नाहीत."

"कशाचे?"

"कशाचे काय? नुसतेच! वजन! दोन ग्रॅमचं वजन!"

ही पेटी घरची असती तर एवढं काही बिघडलं नसतं. पण ती खात्याची होती. दुकानदारांची वजनं खरी की खोटी हे जिच्यावरून ठरतं, ती ही पेटी. लॉकडाऊन लागला तेव्हा पेटी वाऱ्यावर सोडता येत नाही, म्हणून साहेबांनी निरीक्षकांची सही घेऊन ती त्यांच्या घरी पाठवली होती. आणि दहाच मिनिटांपूर्वी साहेबांचा फोन आला होता की सोमवारी कार्यालय उघडतंय, पेटी घेऊन या, एकेक वजन तपासून जमा करायचंय. निरीक्षकांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. एकतीस वर्षं या माणसाने अर्ध्या ग्रॅमसाठी दुकानदारांना घाम फोडला होता. त्याच्याच पेटीत दोन ग्रॅम कमी निघाले, तर जाता जाता चौकशी लागणार आणि सगळा बाजार त्या बातमीवर आठवडाभर चहा पिणार.

"तुम्ही ती पेटी शेवटची उघडली कधी?" बायकोने विचारलं.

उत्तर निरीक्षकांना माहीत होतं आणि बायकोला त्यांच्याहून जास्त माहीत होतं.

लॉकडाऊनच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे गेल्याच रविवारी, निरीक्षकांनी पाव करायला घेतला होता. तेव्हा घरोघरी जो तो काहीतरी भाजत, तळत, फुगवत होता, त्यामुळे यात नवल काही नव्हतं. नवल त्यांच्या पद्धतीचं होतं. कृतीत "यीस्ट, छोटा अर्धा चमचा" असं लिहिलेलं वाचून ते उखडले होते. "छोटा म्हणजे केवढा? कोणाच्या घरचा चमचा? उद्या माणसं मूठभर आणि चिमूटभर अशी मापं लावून औषधं देतील!" मग त्यांनी खात्याची पेटी उघडली, जुना तराजू टेबलावर मांडला आणि हात न लावता, चिमट्याने, दोन ग्रॅमचं वजन एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात यीस्टचे दाणे मोजले. कुठल्याही पावाच्या नशिबी एवढा मान आजवर आला नसेल.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याला पाव उत्तम जमायचा आणि तो ते सांगायचाही. निरीक्षकांनी फोन खांदा आणि कान यांच्यात धरला, "आम्ही सगळं मोजून करतो बरं का," असं त्याला ठणकावलं आणि ठणकावता ठणकावता पारडं पिठात उलटं केलं.

"अहो," बायको आता सावकाश म्हणाली, "त्या दिवशी मी तराजू पुसला ना, तेव्हा एका पारड्यात बारीक बारीक तपकिरी दाणे होते. मला वाटलं गंज पडलाय. झटकून टाकले बेसिनमध्ये. पेटी पण मीच बंद केली, आत न बघता."

निरीक्षकांनी कपाळाला हात लावला. यीस्ट बेसिनमध्ये गेलं होतं आणि पितळ पिठात. पाव का फुगला नाही, याचा त्यांनी चार दिवस शोध घेतला होता. पिठाला दोष दिला होता, ओव्हनला दिला होता, हवेलासुद्धा दिला होता. हातात रबरी मोजे घालून मळल्यामुळे बोटांनाही पत्ता लागला नव्हता.

"चार पाव झाले होते," बायको बोटांवर मोजत म्हणाली. "एक आपण खाल्ला."

"पातळ काप करून खाल्ला. आपल्यात नव्हतं."

"मग उरले तीन, शेजाऱ्यांना दिलेले. टेलर, वकील आणि वरच्या मुख्याध्यापिकाबाई. वजन करून बघा ना, जड असेल त्यात असणार!"

"जड कसा असेल? चारही गोळे मीच सारखे केले. एक ग्रॅम इकडे तिकडे नाही. ज्याच्यात पितळ आहे, त्यातलं पीठ तेवढं मी काढून घेतलंय!" असं म्हणताना निरीक्षकांना थोडा अभिमानही वाटला, पण तो लगेच ओसरला. कारण त्यांना पुढचं आठवलं. पाव पोचवले त्याच संध्याकाळी तिघांचेही निरोप आले होते. टेलरने लिहिलं होतं, "ग्रॅमकाका, एका बैठकीत फस्त!" वकिलांनी लिहिलं होतं, "अप्रतिम. संपला." बाईंनी फोन करून "पावाबद्दल आभारी आहे" एवढंच सांगितलं होतं.

संपला, म्हणजे कोणीतरी गिळलं होतं. चौकशीचं भय एकीकडे आणि शेजाऱ्याच्या पोटातलं पितळ दुसरीकडे, यात जड काय हे सांगायला तराजू लागत नव्हता. मास्क लावून दोघं तसेच बाहेर पडले.

टेलर तळमजल्यावर राहायचा. दुकान बंद असल्यामुळे घरीच मास्क शिवत होता. निरीक्षकांनी दारातूनच विचारलं, "पाव उरलाय का थोडा?"

"उरतोय कुठला! पोरांनी तुकडासुद्धा ठेवला नाही," टेलर हसून म्हणाला. "काय मऊ झाला होता!"

"मऊ?" निरीक्षकांना क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी घडलेलं सांगून टाकलं. "तेव्हा कोणाच्या पोटात दुखत असेल तर लपवू नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन करू."

टेलरचा हात मशीनवरच थांबला. तो काही बोलायच्या आत त्याची बायको आतून आली आणि पाव निरीक्षकांच्या हातात ठेवला. अख्खा होता. वरची चिठ्ठीही शाबूत होती: "निव्वळ वजन ४०० ग्रॅम," खाली सही.

"कापड कापताना वर ठेवतात हे," ती म्हणाली. "सरकत नाही म्हणून. रागवू नका, भाऊ. पोरांनी प्रयत्न केला होता."

रागावणार कोण? निरीक्षकांना त्या अख्ख्या पावाला मिठी मारावीशी वाटली. टेलरने करवत दिली. जिन्यात बसून पावाचे बारा तुकडे केले. आत पीठच होतं.

पहिल्या मजल्यावर वकिलांनी दार उघडलं, ते वरून कोट-टाय आणि खालून लेंगा अशा वेशात. "हळू बोला, सुनावणी चालू आहे," ते कुजबुजले.

"पाव खाल्लात का, एवढंच सांगा."

"कळवलं होतं ना, संपला म्हणून."

"वकीलसाहेब, त्यात पितळेचं वजन होतं. तुम्ही खाल्ला असेल तर ते तुमच्या पोटात आहे."

वकिलांनी या मुद्द्यावर पाच सेकंद विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी शरम आली आणि मग तिच्यापेक्षा मोठी सुटका. "पोटात नाही," ते म्हणाले. "लॅपटॉपखाली आहे. पण आत्ता काढता येणार नाही. काढला तर न्यायाधीशांना माझी नुसती हनुवटी दिसेल."

निरीक्षक आणि त्यांची बायको पाऊण तास जिन्यात बसून राहिले. आतून वकिलांचा आवाज येत होता, आणि तो चढला की लॅपटॉप पावावर डुगडुगत असणार, या विचाराने निरीक्षकांचा जीव खालीवर होत होता. अखेर तारीख पडली, वकील पाव घेऊन बाहेर आले आणि करवत पुन्हा चालली. याही वेळी काही निघालं नाही. तोवर टेलरही काम टाकून, आपले बारा तुकडे गोळा करून वर आला होता, आणि आता चौघंही दोन दोन पायऱ्यांचं अंतर राखून वर बघत होते.

"बाईंकडेच आहे म्हणजे," बायको म्हणाली. "त्यांनीही नसेलच खाल्ला. असं कुठेतरी ठेवला असेल."

निरीक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा, आपला पाव कोणी खाल्लेला नसावा, अशी मनापासून इच्छा केली.

मुख्याध्यापिकाबाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी दार उघडलं आणि जिन्यावरची माणसं शाळेच्या रांगेसारखी मोजली.

"बाई, पाव," निरीक्षक म्हणाले. "लाजू नका. नसेल खाल्ला तर खरंच आनंद होईल."

"खाल्ला की," बाई म्हणाल्या. "दुधात बुडवून रोज थोडा थोडा. काल संपला."

"सगळा?"

"दिलेलं अन्न टाकायचं असतं का?"

निरीक्षकांनी कठडा धरला. बाई खोटं बोलत नाहीत, हे इमारतीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. निरीक्षकांनी सगळं सांगितलं, यीस्ट, पारडं, मेहुण्याचा फोन, आणि शेवटी हात जोडले. "माझी नोकरी गेली तरी चालेल, बाई. पण तुम्हाला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. चला, दवाखान्यात जाऊ."

बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आत गेल्या आणि कापसाने भरलेली एक लहान डबी घेऊन आल्या. डबी उघडली. कापसावर दोन ग्रॅमचं वजन झोपलं होतं.

"हे का?"

निरीक्षकांनी जोरजोरात होकारार्थी मान डोलावली.

"म्हणजे हा माझ्या दाढेवर बसवलेला टोप नाही?" बाई म्हणाल्या. "सोमवारी दाताखाली आला. माझा टोप पिवळाच आहे, मला वाटलं तोच निघाला. दातांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जपून ठेवा, दवाखाना उघडला की बसवू. तोवर त्या बाजूने चावू नका, तिकडे जीभसुद्धा लावू नका. मी लावली नाही. चार दिवस डाव्या बाजूने जेवतेय!"

"आता लावून बघा," बायको हळूच म्हणाली.

बाईंनी तोंड फिरवलं. बाई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पहिलीतल्या मुलीसारखा झाला होता. "आहे! जागच्या जागी आहे!"

बायको हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निरीक्षकांचा जीव भांड्यात पडला आणि ते मटकन पायरीवर बसले. एकतीस वर्षांची नोकरी वाचली होती, बाई वाचल्या होत्या, दाढही वाचली होती. त्यांनी खिशातून चिमटा काढला, वजन उचललं, फुंकर मारली आणि उजेडात धरून इतका वेळ पाहिलं की टेलरला तोंड दुसरीकडे करावं लागलं.

"पण बाई, दाताखाली आलं तेव्हाच मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार? तुमच्या पावाने माझ्या दाढेचा टोप निघाला, असं सांगायचं?" बाई म्हणाल्या. "तुम्ही एवढं मोजून मापून केलेलं. मनाला लागलं असतं तुमच्या."

निरीक्षक उठून उभे राहिले. तेवढ्यात बाईंनी जरा संकोचून, आवाज उतरवून विचारलं, "बाकीच्यांनी खाल्ला का हो?"

खालच्या पायरीवर टेलरने आपले बारा तुकडे हळूच पाठीमागे नेले. वकिलांनी कोटाचं बटण लावायला घेतलं. निरीक्षकांनी दोघांकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी अर्ध्या ग्रॅमचंही खोटं चालवून घेतलं नव्हतं.

"हो, बाई," ते म्हणाले. "सगळ्यांनी त्याच दिवशी संपवला."

"वाटलंच मला," बाई ओशाळून म्हणाल्या. "मलाच मेलीला चार दिवस लागले."